बोटं शाबूत होती

सोम. ३ नोव्हें.
ब्राह्मणपुरीचा सर्वे सुरू. चारा कापायच्या कुट्टीयंत्रात हात गेलेल्यांना भेटायचं, कसा गेला ते विचारायचं. सगळे म्हणतात नशीब. मी नशीब लिहून घेत नाही. विचारते, लाइट होती का? सखारामआबांची तीन बोटं गेलीत. आज नीट आठवून म्हणाले, "लाइट गयती. चारा अडकेल व्हता, काढी ऱ्हायंतू. तेवढामा लाइट उनी." लाइट आली आणि बटण चालूच! बाकीच्यांचंही बहुतेक असंच. आधी बटण बंद, मग हात. एवढं शिकवता येईल. नक्की येईल.

बुध. ५
अलका. तिशीची. डाव्या हाताला टाके. शेजारी नवरा, उत्तरं त्याचीच. "कुट्टीमा गया हात." लिहून घेतलं.
निघताना गोठ्यात डोकावले. यंत्राला पट्टा नाही. चारा घालायच्या तोंडात कोंबडी अंड्यांवर बसलेली.
कुट्टी बोटांपासून घेते. हिची पाचही बोटं शाबूत. जखम मनगटाच्या वर, बाहेरून. डोकं वाचवायला हात आडवा धरला की लागते तिथे.
आणि मी नवऱ्यासमोर विचारलं! ट्रेनिंगमध्ये इतरांना बजावते, बाईला एकटीला विचारा म्हणून. चूक माझीच.

गुरु. ६
संगीता मॅडमना नंदुरबारला फोन. सर्वे त्यांचाच. म्हणाल्या, परत जा, एकटी भेट. ती सांगेल तेवढंच ऐक. ती हो म्हणेपर्यंत पोलिस नाही, सरपंच नाही, आणि तुझा आगाऊपणा तर नाहीच.
बरं.

शनि. ८
अलका कापूस वेचत होती. मीही ओटी बांधून शेजारच्या ओळीत शिरले. नवरा शहाद्याला गेलेला.
म्हटलं, "तुमची कुट्टी बंद शे ना?"
तिने चार झाडं वेचली. मग, "इळा व्हता." म्हणजे विळ्याचा वार.
"याना पहिले?"
"हातवर पहिलाच डाव."
हातावर पहिल्यांदा; म्हणजे मार नवा नाही. पुढचं विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं, शिकवल्याप्रमाणे, सावकाश. आज घरी जायची भीती वाटते का? "आज नही." वेळ आलीच तर कुणाकडे जाशील? "शेजारनी काकूकडे." म्हणजे विचार करून ठेवलाय तिने. माझ्यापेक्षा पुढे आहे.
मॅडमचा नंबर चिठ्ठीवर दिला. तिने परत केला. "कागद त्याले सापडी."
घरी येऊन तिचा फॉर्म कुट्टीच्या गठ्ठ्यातून काढला. नाव खोडलं.

बुध. १२
मंदिराच्या ओट्यावर कुट्टीचं ट्रेनिंग. माझ्या भाषणाला जांभया. मग सखारामआबा उठले, हात वर धरला, म्हणाले, "बटन बंद करा रे भो." दोघांनी तिथेच ठरवलं, बटण यंत्राजवळ बसवायचं, हात पोचेल असं. आज काम झालं!
पांगापांग झाल्यावर अलका पाण्याच्या माठाजवळ आली. सासू पलीकडे बायकांशी बोलत होती.
"तो नंबर बोल. पाठ करस."
हळू सांगितला. म्हणून दाखवताना तिचे दोनदा शेवटचे आकडे चुकले. तिसऱ्यांदा दहाही बरोबर.
"फोन करसूच आसं नही, ताई."
म्हटलं, नको करूस. नंबर तुझा आहे.
सासूची हाक आली. ती पाणी प्यायली, गेली. ओठ हलत होते.