आमच्या घरात थंडी नाही

१२ नोव्हेंबर

हिवाळ्याचं नियोजन आज पूर्ण केलं. मिलच्या बॉयलरवर सव्वीस वर्षं काढली आहेत. ऊब कशी राखायची हे गॅस कंपनीने मला शिकवू नये. हीटिंग संध्याकाळी सहा ते सात. पुढची खोली सोडून बाकी सगळे रेडिएटर बंद. दाराच्या फटीत टॉवेल. अंगात दोन स्वेटर, बाहेर जाताना तीन. सुवाच्य अक्षरात लिहून बायकोला, ग्लेनिसला, वाचून दाखवलं.

तिने विचारलं, आणि सकाळी?

सकाळी माणसाने हालचाल करावी, म्हटलं.

हालचाल केली की मला धाप लागते, म्हणाली. तू बॉयलरपाशी उबेत बसलास, मी मागावर वीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली.

हे ती दर हिवाळ्यात म्हणते. योजनेवर तिची हरकत नाही असं धरून चाललो आहे.

१९ नोव्हेंबर

ग्लेनिसच्या छातीच्या डॉक्टरांनी थर्मामीटर दिलं. बसायच्या खोलीत लावा म्हणाले, अठराच्या खाली जाऊ देऊ नका, तिची फुप्फुसं आता तेवढी थंडी सोसणार नाहीत. खिडकीपाशी लावलं, तेरा. खिडकीपाशी काहीही लावलं तरी तेराच दाखवणार. टीव्हीच्या वर लावलं, साडेपंधरा. शेवटी टेबललॅम्पच्या बरोबर वर खिळा ठोकला. एकोणीस! शांत डोक्याने काम केलं की प्रश्न सुटतात.

ग्लेनिसने विचारलं, मग मीही लॅम्पवर चढून बसू का.

२७ नोव्हेंबर

मंगळवारपर्यंत पुरायचा गॅस आज रविवारीच संपला. आमच्याकडे आधी कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे देऊन गॅसचं कार्ड भरायचं, मग ते मीटरमध्ये घालायचं, मग ज्योत. त्यामुळे गळती कुठे आहे ते लगेच कळतं. गळती घरातच निघाली. मी फिरायला गेलो की ग्लेनिस हीटिंग लावते. रोज चाळीस मिनिटं. विचारल्यावर कबूल केलं. बोटं निळी झाली होती, म्हणाली.

मी तिला माझे पाय दाखवले. बर्फात ठेवा, कळणारसुद्धा नाही. थंडी ही सवयीची गोष्ट आहे. पायांना मी सवय लावली आहे.

५ डिसेंबर

शुगर तपासून घ्यायला दवाखान्यात. नर्सने मोजे काढायला लावले. डाव्या टाचेवर अंड्याएवढा फोड. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलंय हे, म्हणाली, तुम्हाला समजलं नाही?

नवीन बूट, म्हटलं.

तिने पायाला काहीतरी टोचलं. मी काहीच म्हटलं नाही. तिने आणखी टोचलं. मग खुर्ची पुढे ओढून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं: मिस्टर ऑर्मरॉड, शुगरमुळे तुमच्या पायांची जाणीव गेली आहे. गार काय नि गरम काय, तुम्हाला कळतच नाही. घरात ऊब असते ना?

असते की, म्हटलं. तिने कागदावर बरोबरची खूण केली.

घरी ग्लेनिसला सांगितलं, पाय उत्तम.

१३ डिसेंबर

चॅपलच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि गुरुवारी 'उबेची खोली' उघडतात. ज्यांना घरी हीटिंग परवडत नाही अशांसाठी. आमचा त्याच्याशी संबंध नाही. पण मेव्हिस बिचारी सगळं एकटीने बघते, म्हणून मदतीला गेलो. खुर्च्या गोलात मांडल्या. मग रांगेत मांडल्या. मग पुन्हा गोलात.

मेव्हिस म्हणाली, क्लिफ, त्या खुर्च्यांना चक्कर येईल. बस आता, सूप घे. आणि ग्लेनिसला का नाही आणलंस?

चॅपलचा चढ ग्लेनिसला झेपत नाही. शिवाय मी मदतनीस म्हणून गेलो होतो. मदतनिसाने बायको घेऊन जायची नसते. मेव्हिसला वाईट वाटू नये म्हणून सूप घेतलं. तिला जास्तच वाईट वाटू नये म्हणून दुसरा वाडगाही. साडेतीन तास सेवा झाली.

घरी आल्यावर ग्लेनिसने ब्लँकेटमधून हात काढला, माझा कोट जवळ ओढला आणि हुंगला. पाचच वाजले होते, म्हणून हीटिंग लावता आलं नाही.

१८ डिसेंबर

ग्लेनिसची धाकटी बहीण डॉरीन आली. ही म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहते. तिथे हीटिंग भाड्यातच असतं. त्यामुळे बाईला ऊब झाडावर लागते असं वाटतं. कोट न काढता बसली. टोपीही नाही काढली.

म्हणाली, ग्लेनिस, तुझा श्वास मला दिसतोय गं. आणि हा बघ, थर्मामीटरखाली दिवा लावून बसलाय.

एक फॉर्म घेऊन आली होती. 'वॉर्म डोअर' नावाची संस्था आहे. आजारी माणूस असलेलं थंड घर असेल तर ते घर तापवणारा जुना बॉयलर काढून नवा बसवून देतात आणि हिवाळाभर गॅसलाही हातभार लावतात. फुकट. फॉर्म तिनेच भरला. ग्लेनिसच्या दुखण्याचं नाव लिहायला तिला दोन ओळी लागल्या. मी सही केली ती डॉरीन घरी जावी म्हणून. आमचा बॉयलर बावीस वर्षांचा आहे. गॅस जास्त पितो हे मान्य, पण स्वभाव चांगला आहे.

२ जानेवारी

नाताळच्या दिवशी सढळ हाताने चार तास हीटिंग. ग्लेनिस टर्की खाऊन खुर्चीतच झोपली, तोंड उघडं टाकून. एकदाही खोकली नाही. दुसऱ्या दिवसापासून योजना पूर्ववत. खोकलाही पूर्ववत. दोन्हींचा संबंध आहे असं ग्लेनिस म्हणते. माझ्या मते टर्की.

वॉर्म डोअरचं पत्र. अकरा तारखेला त्यांच्या मिस टॅटरसॉल घर बघायला येणार.

१० जानेवारी

मागच्या खोलीच्या भिंतीवरची काळी बुरशी ब्लीचने पुसली. तरी जी उरली तिच्यावर शेडमधला मलईरंग फिरवला. दोन हात. पडदे धुतले. ग्लेनिस म्हणाली, अरे, बुरशी बघायलाच तर ती येतेय.

म्हटलं, घर बघायला येतेय. परक्या बाईला आपली बुरशी दाखवायची? माझी आई कोळशाची शेवटची टोपली राखून ठेवायची, पाद्री आले तर पुढच्या खोलीत जाळ असावा म्हणून. आम्ही पोरं स्वयंपाकघरात कुडकुडायचो, पण आमच्या दारातून कोणी गारठून गेलं नाही.

ग्लेनिस म्हणाली, पाद्री नवा बॉयलर द्यायचे नाहीत.

११ जानेवारी, सकाळी ६

सगळे रेडिएटर चालू. सगळ्या खोल्या.

त्याच दिवशी, दुपारी ३

भेट अत्यंत यशस्वी.

मिस टॅटरसॉल म्हणजे बावीस-तेवीसची मुलगी, नाक लाल. आत आली आणि म्हणाली, अहाहा, काय छान ऊब आहे! कोट काढला. मग स्वेटर काढला. तिच्या यंत्रावर बावीस आलं, तेही लॅम्पपासून लांब. मागच्या खोलीत भिंतीला हात लावून म्हणाली, नुकताच रंग दिलाय वाटतं. म्हटलं, देतो आम्ही अधूनमधून.

मग फॉर्मवरचे प्रश्न. घर उबदार ठेवायला अडचण येते का? आता अशा प्रश्नाला माणूस काय सांगणार. तक्रार करण्यासारखं काही नाही, म्हटलं. आमच्याहून वाईट दिवस काढणारे कितीतरी आहेत.

आणि मिसेस ऑर्मरॉड, तुम्हाला?

ग्लेनिसने लिपस्टिक लावली होती. गाल गुलाबी झाले होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, आज नाही.

मिस टॅटरसॉल हसली. मीही हसलो. आमची ग्लेनिस विनोदी आहे, म्हटलं. तासाभरात ग्लेनिस एकदाही खोकली नाही, आणि तीन बिस्किटं खाल्ली. मुलगी जाताना म्हणाली, इथून निघावंसंच वाटत नाही हो.

दार लावल्याबरोबर सगळं बंद केलं. ग्लेनिस रेडिएटरला पाठ लावून उभी राहिली, तो गार होईपर्यंत. म्हणाली, तिला उद्यापण बोलाव ना.

मी विचारलं, एवढंच होतं तर तिला स्पष्ट का नाही सांगितलंस. म्हणाली, तू गुडघे टेकून भिंत रंगवलीस, क्लिफ. तुझ्या तोंडावर कसं सांगू?

१४ जानेवारी

अकरा तारखेच्या पाहुणचारात कार्ड संपलं. पेन्शन गुरुवारी. पाच दिवस स्वेटर तीन.

२३ जानेवारी

वॉर्म डोअरचं पत्र. घर समाधानकारक उबदार. ओल आढळली नाही. रहिवाशांना अडचण नाही. अर्ज नामंजूर. भाषा सभ्य आहे. एका अर्थी हे प्रमाणपत्रच.

डॉरीनला फोनवर वाचून दाखवलं. ती जे बोलली ते रोजनिशीत लिहिण्यासारखं नाही. मग म्हणाली, ग्लेनिसला फोन दे. ग्लेनिस बोलू शकली नाही, धाप लागली होती. नुसती ऐकत राहिली.

फेरविचारासाठी कडक पत्र लिहिणार आहे. मसुदा डोक्यात तयार आहे.

२९ जानेवारी

बाहेर उणे सहा. पत्र लिहायला बसलो, बोटांत पेन धरेना. उद्या.

ग्लेनिसला दिवसभर अंथरुणातच राहायला सांगितलं आहे. एकाच माणसाची ऊब एकाच जागी राहते, साधं गणित आहे. दुपारी तिचे ओठ जरा जांभळे दिसले. उजेड कमी होता. म्हणाली, क्लिफ, कोणालातरी बोलाव. म्हटलं, पावणेपाच झालेत, सहाला हीटिंग लागतंच आहे. थर्मामीटर बघून आलो, एकोणीस.

तिने उशीखालून फोन काढला आणि स्वतःच डॉरीनला लावला. शब्द फुटत नव्हता. नुसता श्वास ऐकून डॉरीनने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

३० जानेवारी

ग्लेनिसच्या दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. ऑक्सिजनवर आहे.

वॉर्डात इतकं गरम की खिडकी उघडी ठेवली आहे. हीटिंग चालू आणि खिडकी उघडी! मी बंद करायला गेलो तर शेजारच्या खाटेवरची म्हातारी ओरडली, राहू दे रे बाबा, भाजून निघालोय आम्ही. देशाचं काय होणार. भेटीच्या दोन्ही वेळा पूर्ण बसलो. ग्लेनिस बहुतेक झोपूनच होती. हात मऊ लागला. तिचा हात असा कधी होता आठवायला वेळ लागला.

८ फेब्रुवारी

आज घरी सोडणार होते. मी तिचा जाड कोट, मफलर, दोन ब्लँकेट घेऊन गेलो. तरुण डॉक्टर आले. मला विचारलं, घरी ऊब आहे ना, मिस्टर ऑर्मरॉड? छातीला पुन्हा गारठा बसला तर परत इथवर आणायला वेळ मिळेल असं नाही.

मी तोंड उघडलं. ग्लेनिस म्हणाली, नाही.

खाटेच्या काठावर बसली होती, नाकात नळी. म्हणाली, नाही, डॉक्टर. घरी थंडी आहे. नोव्हेंबरपासून आहे. मी तिथे जाणार नाही.

सगळ्यांसमोर. शेजारच्या म्हातारीने मासिक खाली ठेवलं. मी डॉक्टरांना म्हटलं, आजारामुळे असं बोलतेय ती. ग्लेनिस म्हणाली, गप्प बस, क्लिफ. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर उत्तर होतं माझ्याकडे.

तिला डॉरीनच्या फ्लॅटवर नेलं. तात्पुरतं. आठवडाभर धरून चालू. कोट मी परत आणला. टॅक्सीत गरम होतं म्हणून लागला नाही.

९ फेब्रुवारी

वॉर्म डोअरला फोन केला. चाळीस मिनिटं वाट बघितली. मग म्हटलं, आमच्या घरात थंडी आहे. एवढं सरळ वाक्य. बाई चांगली होती. म्हणाली, पण तुमच्या घराची नोंद बावीस डिग्रीची आहे. नवा अर्ज ऑक्टोबरपासून घेऊ. आणि आजारी व्यक्ती सध्या त्या घरात राहते ना?

म्हटलं, सध्या नाही.

१६ फेब्रुवारी

डॉरीन दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही. ग्लेनिसच्या हातची यादी दिली, सामान बॅगेत भरून द्यायचं होतं. ग्लेनिस कशी आहे विचारलं. जिना चढली काल, म्हणाली, दोनदाच थांबली.

यादी: रात्रीचे गाऊन दोन. वाचायचा चष्मा. विणकाम. आईचा फोटो. निळ्या फुलांचा फ्रॉक. पांढरे सँडल.

फ्रॉक कपाटात खाली, उन्हाळ्याच्या कपड्यांत होता. सँडल सापडेनात, अर्ध्या तासाने माळ्यावर मिळाले, ऑगस्टमध्ये ब्लॅकपूलच्या समुद्रावरून आल्यावर मीच टाकले होते. वाळू अजून आत होती, ती झटकली. बॅग डॉरीनच्या हातात दिली. बाहेर बर्फ पडत होता.

डॉरीनच्या फ्लॅटमध्ये फारच गरम होत असणार.