हॉलंडचं सूर्यफूल

कळंब,
११ ऑगस्ट २०२४

चि. यज्ञेशभाऊजींस,
अ. उ. आ.

श्रिया कॉलेजसाठी लातूरला खोलीवर गेली. घरात आता मी एकटीच. तुमच्या लोहाऱ्याच्या शाळेतली पोरं विज्ञान शिकतात, की नुसतीच तुमच्या मिशीला घाबरतात?

फोनवर सांगायचा धीर होत नाही म्हणून लिहिते. ह्यांच्या खोलीत रेनकोटचा वास येतो. गेल्या वर्षी मोटारसायकल घसरली तेव्हा ह्यांच्या अंगावर होता, त्या नव्या रेनकोटचा. तो तर दवाखान्यातून परत घरी आलाच नाही. सुमनबाई झाडायलासुद्धा आत जाईनात. म्हणतात की सर घरातच हायत, त्यांचा लई जीव अडकलाय त्या नोटांत.

वास कपाटापाशीच जास्त येतो हे खरं. ह्यांनी जमवलेल्या परदेशी नोटांचा अल्बम काढून बघावा, तर दहाव्याचं आठवतं. मांजरेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तुम्हीच मोठ्यानं म्हणालात की दादा, तुझ्या नोटांना कुणी हात लावणार नाही. आणि कावळा आला. तेव्हापासून मी कपाटाची कडीसुद्धा काढलेली नाही. पण भाऊजी, मला भीती वाटते. दुपारी त्या दारावरून जाताना मी पदर नाकाला लावते.

तब्येतीला जपा.

तुमची,
निवेदितावहिनी

लोहारा,
१८ ऑगस्ट २०२४

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

मिशी मार्चमध्येच काढली, आता पोरं अजिबात घाबरत नाहीत. तुम्हीही घाबरू नका. दादानं अल्बमला मऊ प्लॅस्टिकचे खिसे आणले होते, स्वस्तातले. रेनकोट ज्याचा करतात तेच ते प्लॅस्टिक. दमट हवेत त्याला तेलकट घाम सुटतो आणि वास मारतो. भूत वगैरे काही नाही.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. ते प्लॅस्टिक नोटेला चिकटतं आणि शाई ओढून घेतं. दादाची हॉलंडची पन्नास गिल्डरची सूर्यफुलाची नोट आठवा. आपल्याला ओळीनं बसवून तो दाखवायचा. राजा नाही, राणी नाही, नोटभर एक फूल आणि त्यावर मधमाशी. मग नोट उजेडाला धरायचा, की कागदाच्या आत दुसरी मधमाशी दिसायची. आंधळ्या माणसाला बोटानं ओळखता यावी म्हणून केलेला उंचवटा तो आपल्याला डोळे मिटून चाचपायला लावायचा. ज्या देशानं पैशावर फूल काढलं तिथली माणसं भांडत कशी असतील, हा त्याचा आवडता प्रश्न होता. मी म्हणायचो की त्याच फुलासाठी भांडत असतील, आणि तो रागवायचा. ते फूल आता कपाटात मरतंय, वहिनी.

शब्द मी दिला होता, तो मीच मोडतो. रविवारी येतो आणि नोटा माझ्या हातानं काढून साध्या कागदात ठेवतो. शेंगदाण्याच्या पोळ्या कराव्यात, ही आगाऊ मागणी.

माया आहेच, ती वाढत राहो.

आपला,
यज्ञेश

कळंब,
२७ ऑगस्ट २०२४

चि. यज्ञेशभाऊजींस,
अ. उ. आ.

पोळ्या केल्या, झाकून ठेवल्या आणि सोमवारी सुमनबाईंना दिल्या. गाडी मिळाली नाही असा तुमचा निरोप आला. पण शेजारचे हणमंतप्पा त्या दिवशी स्टँडवर होते. तुम्हाला बाकावर बसलेलं पाहिलं म्हणाले.

मी रागावले नाही. खरं काय ते लिहा. वास आता माझ्या उशीपर्यंत येतो.

तुमची,
निवेदितावहिनी

लोहारा,
२ सप्टेंबर २०२४

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

हणमंतप्पांनी पाहिलं ते खरं आहे. कळंबपर्यंत आलो आणि पुढच्या गाडीनं परत गेलो.

मी वर्गात शिकवतो की कावळा भाताला येतो, माणसाला नाही. पण त्या दिवशी मी आधी म्हणालो होतो की वहिनींना सांभाळीन. कावळा आला नाही. श्रियाचं शिक्षण करीन म्हणालो, तरी आला नाही. वैतागून नोटांचं बोललो आणि तो आला. बाकावर बसल्या बसल्या मला वाटलं, दादा एवढ्या एका शब्दावर थांबलेला असेल, तर तो शब्द मोडल्यावर त्यानं कुठं जायचं? हसायचं असेल तर हसा, पण मला हे जमणार नाही.

आपला,
यज्ञेश

कळंब,
१० सप्टेंबर २०२४

चि. यज्ञेशभाऊजींस,
अ. उ. आ.

हसले नाही. शब्द तुमचा होता, पण माणूस माझा होता. म्हणून काल सकाळी मीच कडी काढली.

दीपगृहाची नोट सुटी निघाली, त्या पाणलावा पक्ष्याचीही. सूर्यफूल मात्र चिकटलं होतं. खिसा कात्रीनं कापून नखानं हळूहळू सोडवलं, तरी एका पाकळीचा पिवळा रंग प्लॅस्टिकवरच राहिला. तेव्हा रडू आलं. ह्यांना म्हटलं, उशीर केला, माफ करा. मग खिडकीशी नोट उजेडाला धरली. आतली मधमाशी जागच्या जागी होती. सगळ्या नोटा कागदात बांधल्या आणि ते खिसे सुमनबाईंनी लांब नेऊन टाकले.

वास गेला, भाऊजी. संध्याकाळपर्यंत पार गेला. सुमनबाई म्हणतात की सर सुटले. श्रियानं फोनवर शाबासकी दिली. तुम्हीही द्याल.

पण आज सकाळपासून मी कितीदा तरी कपाट उघडून आत तोंड घालते आहे. लाकडाशिवाय कशाचाच वास नाही. सुमनबाईंनी आज बेधडक खोली झाडली, गाणंही म्हटलं. मला तिथं बसवत नाही. भीती वाटत होती तोवर ह्या घरात आम्ही दोघं होतो.

लोभ कागदावर पुरे झाला, आता घेऊन या.

तुमची,
निवेदितावहिनी