एक प्रत घराबाहेर

८ नोव्हेंबर, शनिवार

संगणक आज टिकटिकला. घड्याळासारखा नाही – थंडीत दात वाजावेत तसा. दोन-तीनदा टिकटिक, शांतता, पुन्हा टिकटिक. आई पैठणीच्या बांगडीमोर पदराचा आलेख भरत होती, तेवढ्यात स्क्रीन गोठली. "बंद करून चालू कर," मला म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. चालू झाला. पण तो आवाज मी ओळखते. हार्ड डिस्क जायच्या आधी असा आवाज करते. कधी जाणार, ते मात्र सांगत नाही.

त्या डिस्कवर आईची चौदा वर्षं आहेत. येवल्याला मल्हारीमामाच्या मागांवर पैठणी विणली जाते, तिचा प्रत्येक मोर, प्रत्येक मुनिया, आसावलीची प्रत्येक वेल आधी आमच्या या खोलीत चौकोन-चौकोन भरून तयार होते. दुसरी प्रत कुठेच नाही. पप्पांना विचारलं.

"आहे की! गेल्या दिवाळीत सगळं डी ड्राइव्हमध्ये टाकलंय मी."

डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा कप्पा! पैसे एका खिशातून काढून त्याच पँटच्या दुसऱ्या खिशात ठेवायचे आणि पँट धुवायला टाकायची. हे मनात म्हटलं. तोंडाने "बरं" म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

इथेच लिहिते, कारण बाकी कुठे बोललेली नाही. चेन्नईच्या प्रयोगशाळेने मला निवडलं. सातपूरला मी कारखान्यांची मोजमापाची गेज तपासते. तिथे गेज तपासणारी यंत्रं तपासायची. हे काम मला हवं आहे. फार हवं आहे. एक डिसेंबरपर्यंत होकार कळवायचा.

घरी सांगितलेलं नाही. आई अडवेल म्हणून नाही. आई "जा" म्हणेल, आणि नंतर इथे काही बंद पडलं तर मला कळवणारसुद्धा नाही – म्हणून.

आधी बॅकअप. मग सांगेन.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पप्पा जेवताना मोबाइल पुढे करून – "तेजल, हे बघ! सोळा टीबीची डिस्क, बाराशे रुपये! अंगठ्याएवढी आहे!"

मी सांगितलं, ती खोटी असते. आत छोटं कार्ड बसवून संगणकाला सोळा टीबी म्हणून फसवतात. भरत राहा, जुनं पुसत जाते, तक्रार करत नाही.

"म्हणजे आमच्या सुपरवायझरसारखी," पप्पा म्हणाले. "सगळं घेतो, लक्षात काही ठेवत नाही."

आई हसता हसता ठसकली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुकानात गेले. ठरवूनच गेले होते. आईचं काम, फोटो, पप्पांचे व्हिडिओ, सगळं मिळून तीनशे जीबीच्या आसपास. बॅकअपची डिस्क निदान दुप्पट हवी, म्हणजे जुन्या आवृत्त्याही राहतात. एक टीबी पुरे. एसएसडी नको – वेग लागत नाही, आणि ती वर्षानुवर्षं वीज न देता ठेवली तर आतलं विसरू शकते. साधी, आत चकती फिरणारी डिस्क, यूएसबीवरच चालणारी. वेगळा अडॅप्टर नको. आमच्या घरात अडॅप्टर शेवटी मोबाइललाच लागतात.

दुकानदार – "मॅडम, पाच टीबी न्या. आयुष्यभराचं टेन्शन नाही."

"डिस्कचं आयुष्य किती?"

"चार-पाच वर्षं धरा."

"मग आयुष्यभर कुणाचं?"

एक टीबी दिली त्याने.

१६ नोव्हेंबर, रविवार

जोडली. पुढच्या खोबणीत नाही, मागच्या – पुढची ढिली आहे. पासवर्ड ठेवला. आई म्हणाली, "कुलूप लावलंस, पण किल्ली कुठे टांगायची?" दर रविवारी सकाळी अकराला बॅकअप आपोआप होईल, असं लावून दिलं. पहिली प्रत व्हायला दुपार गेली. आई अधूनमधून डोकावून "शिजलं का?" विचारत होती.

डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून नाव लिहिलं. आमच्या स्वयंपाकघरात सगळ्या डब्यांवर अशाच पट्ट्या आहेत. पाठीच्या ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी आईने पप्पांसाठी लावल्या होत्या. तेव्हापासून पप्पांना तूरडाळ आणि हरभराडाळ यांतला फरक कळतो.

रात्री सांगणार होते. मालिका चालू होती. राहिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

अकरा वाजता संदेश – डिस्क सापडत नाही. टेबलावर नाही. खाली नाही. मागे नाही!

"आई, डिस्क?"

"जपून ठेवलीय."

लोखंडी कपाट. वरचा कप्पा. तिच्या लग्नातल्या पैठणीशेजारी मलमलीची पुरचुंडी. आत डिस्क, सोबत वेखंडाचा तुकडा – कसर लागू नये म्हणून! सोमवारपासून तिथेच होती. खोबणीत वेखंडाची पूड. ब्रशने झाडायला वीस मिनिटं लागली.

"एवढी चौदा वर्षं त्यात भरलीस आणि टेबलावर उघडी टाकलीस. मोलकरणीचं फडकं लागलं असतं."

मी म्हटलं, नुसती ठेवून दिलेली प्रत उपयोगाची नाही. तिच्यात नवं भरावं लागतं. आणि मधूनमधून तिच्यातून काहीतरी परत काढून बघावं लागतं, नाहीतर खराब झालेली कळतच नाही.

आई म्हणाली, "मग तसं सांग ना. घडी मोडायची."

पैठणी तशीच पडून राहिली तर घडीवर जरीची तार तुटते. म्हणून आई दर तीन महिन्यांनी प्रत्येक साडी उलगडते आणि वेगळ्या ठिकाणी दुमडून ठेवते. लहानपणापासून बघतेय. मला हे सुचलं नव्हतं!

२४ नोव्हेंबर, सोमवार

संगणकातली टिकटिकणारी डिस्क काढली, तिथे नवी बसवली, बॅकअपमधून सगळं परत आलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बॅकअपसाठी दुसरी डिस्क आणली. नियम साधा आहे – एक प्रत घराबाहेर हवी. आग, चोरी, नळ फुटणं, काहीही होऊ शकतं. कुठे ठेवायची?

पप्पा – "माझ्या कारखान्यातल्या लॉकरमध्ये. सातपूरला. डब्याशेजारी." त्यांच्या लॉकरमागे प्रेस मशीन आहे. दिवसभर भिंत हादरते. नको.

फोनवर मल्हारीमामा – "तायडे, माझ्याकडं ठेव की! मागाखालच्या खड्ड्यात लय जागा हाय."

आई – "तिथं मांजर व्यायलीय ना? परवा तूच सांगितलंस."

"मग काय झालं? राखण करील!"

"पिल्लं डिस्कवर बसवशील तू."

"ऊब लागती तिला, ताई!"

ठरलं नाही. आई म्हणाली, "बघू. लांब असायला हवी ना? सापडेल जागा."

चेन्नईचं सांगायला मी तेव्हाच तोंड उघडलं होतं. मामाने पुन्हा मांजरीचं काढलं. हसण्यात गेलं. चार दिवस उरले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज आईला सगळं शिकवलं. कागदावर मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहिल्या, भिंतीवर चिकटवल्या. हिरवा दिवा लागला तर काय, लाल लागला तर काय. अकराच्या आधी डिस्क जोडणे. लाइट गेली तर वाट बघणे. मला फोन –

ती ओळ लिहून खोडली.

मग आई म्हणाली, "बांगडीमोर पुसू?" मी "थांब!" म्हणेपर्यंत पुसला. वर रीसायकल बिनसुद्धा रिकामी केली! चेहऱ्यावर काही नाही. चष्मा लावला, कागदावर बोट ठेवत एकेक पायरी वाचली, डिस्कमधून मोर शोधला, परत आणला, उघडला. चोचीपासून पिसाऱ्यापर्यंत सगळे चौकोन जागेवर.

"मोडली घडी," म्हणाली.

मी टाळ्या वाजवल्या. मला हे शोभत नाही, पण वाजवल्या.

नंतर ती भिंतीवरच्या कागदापाशी गेली. खोडलेल्या ओळीवर बोट फिरवलं. "ऑपरेशनच्या आधी मी डब्यांवर लिहिलं होतं, तसंच लिहिलंयस."

मी माऊस पुसत होते. पुसत राहिले.

"पोळ्या गार होतायत. चल."

३० नोव्हेंबर, रविवार

मी अजून कुणालाही काही बोललेली नाही.

सकाळी उठले तर माळ्यावरची मोठी बॅग माझ्या पलंगाशेजारी. धूळ पुसलेली, चेन ओढून बघितलेली. उघडली. आत एकच वस्तू – मलमलीची पुरचुंडी. दुसरी डिस्क. वेखंड या वेळी खोबणीच्या उलट्या बाजूला. वर पांढरी पट्टी, डब्यांवरच्याच अक्षरात –

'दर तीन महिन्यांनी घेऊन येणे.'