कात्रण नसलेलं रक्त

४ फेब्रुवारी, मंगळवार

आणि वर दवाखान्यात मलाच विचारतात, पोरीला जेवायला घालता का! अख्खं गदग फिरा, माझ्या हातची भाकरी खाऊन कोणी चक्कर येऊन पडलंय का? विजी आज पुन्हा पडली. घामाने चिंब, डोळे पांढरे. साखर उतरली म्हणे. एकोणीस वर्षांची घोडी, हिची साखर कशाला उतरते? वर शांतव्वा, माझी जाऊ, दारातून म्हणते, "अक्का, इरण्णाच्या गळ्यात हे काय बांधताय?" इरण्णा माझा सख्खा धाकटा भाऊ, विजीचं लग्न त्याच्याशीच ठरलंय. आमच्यात भाचीवर पहिला हक्क मामाचाच. हिला का ठसका!

८ फेब्रुवारी

विजीचं रक्त तपासायला दिलं. निकाल येईतोवर घरात शांतता ठेवा म्हणे. सांगायला काय जातंय!

११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईने दार लावून घेतलं आणि समजावलं. शरीर इन्सुलिन करतं तेव्हा आधी एकच लांब साखळी करतं, मग मधला तुकडा कापून टाकतं. तो तुकडाही रक्तात उतरतो. मी ब्लाऊज शिवते, मला कळलं — गळा कापला की कात्रण निघणारच. ते कात्रणही केरात जात नाही, नसांच्या कामी येतं असं आता म्हणतात. असेल! विजीच्या रक्तात इन्सुलिन भरपूर आणि कात्रण जवळजवळ नाहीच. म्हणजे माल बाहेरचा, टोचलेला.

"घरात इन्सुलिनची सुई कोण घेतं?"

सासूबाई. आणि देते कोण? शांतव्वा!

१२ फेब्रुवारी

झिंज्या धरल्या तिच्या. "अक्का, माझ्या पोरांची शपथ!" शपथा काय, फुकट मिळतात. बाटली आता माझ्या मशीनच्या खणात, कुलूप लावून. म्हातारीला सुई मीच देणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाजारातून आले तर खण उचकटलेला. मशीनपाशी विजी. बाटली तिच्या मुठीत.

हात उगारला.

"मार, अव्वा. आजारी पोरगी मामाला नको होईल असं वाटलं. त्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितलीय. त्याच्या शेजारी कशी झोपू?"

हात तसाच राहिला.

शांतव्वा माझ्याकडे बघत नाही. कशाला बघेल!

१७ फेब्रुवारी

हुबळीला फोन लावला. "इरण्णा, ही सोयरीक तू मोडायची. तुझ्या तोंडाने. पोरीचं नाव निघता कामा नये."

"अक्का, मंडप ठरलाय —"

"मंडप गेला खड्ड्यात! इथे येऊन सगळ्यांसमोर नाही म्हण. येतोस की मी येऊन तुझ्या दारात बसू? शुक्रवारपर्यंत सांग."