सहा टीव्ही, एक रिमोट

३ नोव्हेंबर, सोमवार
लॉबीत आणि कँटीनमध्ये मिळून सहा टीव्ही लागणार. कंपनीच्या सूचना, पाहुण्यांचं स्वागत वगैरे. काम माझ्याकडे. म्हणजे वर्कप्लेस मॅनेजरची रिकामी खुर्चीही माझीच. नाव महिनाअखेरीस कन्नड राज्योत्सवाच्या कार्यक्रमात जाहीर होईल, असं कृष्णमूर्ती सर म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. हर्षिता माझ्यामागे उभी होती, तो योगायोग.

४ नोव्हेंबर
ही हर्षिता आयटीतली. तिचं म्हणणं, ऑफिसात सूचना दाखवायच्या पडद्यांसाठी साइनेजचे वेगळे प्लेअर मिळतात, ते दिवसभर विनातक्रार चालतात. किंमत ऐकून हसलो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! आमच्या घरी बायको, नयना, टीव्हीला जोडलेल्या साध्या स्ट्रीमिंगच्या डबीवर मालिका बघते. डबीबद्दल तिची काही तक्रार नाही. माझ्याबद्दल असते.

८ नोव्हेंबर, शनिवार
एस. पी. रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. 'स्वल्प कमी माडी', जरा कमी करा, म्हणत दुकानदाराला घामाघूम केलं. सहा डब्यांना मिळून एकच रिमोट घेतला तर आणखी स्वस्त. घेतला. या बुद्धीला मॅनेजमेंट म्हणतात.

११ नोव्हेंबर
सहाही टीव्ही सुरू. सर म्हणाले, सरी, चेन्नागिदे. म्हणजे छान आहे. हर्षिता एकुलत्या रिमोटकडे बघून जागेवर गेली. बोलणार काय?

१३ नोव्हेंबर, दुपारी
परदेशी पाहुणे आले. सहाही पडदे काळे. मधोमध प्रश्न: आर यू स्टिल वॉचिंग? डबी घरगुती. बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही की तिला वाटतं, माणूस झोपला. ओके दाबलं की पुन्हा सुरू. एका पाहुण्याने पडद्याकडे बघून नम्रपणे 'यस' म्हटलं. मी सरांना सांगितलं, सिस्टिम इंटरॅक्टिव्ह आहे.

१४ नोव्हेंबर
उपाय सापडला. अधूनमधून ओके दाबायचं. एवढंसं काम. गेटवरच्या शिवाप्पाला सांगितलं, तर म्हणाला, अण्णा, तुमची डबी, तुम्हीच दाबा. माजलेत सगळे.

१९ नोव्हेंबर
लॉबी, कँटीन, पुन्हा लॉबी. ताटावरून दोनदा उठलो. नयनाने विचारलं, पाय का सुजलेत. म्हटलं, मॅनेजरला फिरतं राहावंच लागतं. प्लेअर मागवू का, असं हर्षिताने आज परत विचारलं. जळते, दुसरं काय!

२४ नोव्हेंबर
अंगात कणकण. रजा मागितली. सर म्हणाले, मग ओके कोण दाबणार? बघा! माझ्यावाचून या ऑफिसचं पान हलत नाही.

२७ नोव्हेंबर
नवा शर्ट. भाषण पाठ, पहिल्या दोन ओळी कन्नडमध्ये. मैसूरपाक आणून ठेवायला नयनाला सांगितलं. उद्याची स्लाइड हर्षिता बनवतेय, पण मला दाखवत नाही. सरप्राइज असणार.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
कँटीन भरलं होतं. सगळ्यांच्या गळ्यात लाल-पिवळे शेले. सर म्हणाले, आता पडद्याकडे बघा. मी शर्ट नीट केला.
हर्षिताचा फोटो. खाली: आपल्या नव्या वर्कप्लेस मॅनेजर.
टाळ्या. टाळ्या ऐन भरात असताना फोटो गेला. सहाही पडदे काळे. आर यू स्टिल वॉचिंग? भाषणाच्या नादात दुपारचं ओके दाबायचं राहिलं होतं.
टाळ्या थांबल्या. अख्खं कँटीन माझ्याकडे वळलं. इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडे आजवर कधी पाहिलं नव्हतं.
खिशातून रिमोट काढला. ओके दाबलं.