सुती कापडाचा गौण मुद्दा

१ मे. सकाळ.

उधन्यातल्या तमाम कर्त्या पुरुषांनो! मिलमध्ये आपल्या शब्दावर खातं हलतं, समाजाच्या सभेत आपल्या शब्दावर टाळ्या पडतात. आणि घरात चप्पल काढली की आपलं कुत्रंही ऐकत नाही. हे आपण कुठवर सहन करायचं?

(ही रोजनिशी खाजगी आहे. वाचणारा मीच. पण पेन हातात घेतलं की सुरुवात अशीच होते. इलाज नाही.)

आई काल भुसावळच्या गाडीने आली. बाबा गेल्यापासून धरणगावच्या घरात एकटी होती, आता तिथे परत जायचं नाही असं ठरलं. प्रश्न एवढाच की कायमची राहणार कुठे. माझ्याकडे, इथे उधन्यात, की धाकट्या भावाकडे, कुंदनकडे, सुरतेच्या दुसऱ्या टोकाला कोसाडला. ती म्हणाली, मे महिना तुझ्याकडे काढते, मग बघू.

बघायचं काय त्यात? कुंदन दिवसभर लूमच्या खडखडाटात राहून बोलणंच विसरलाय. तासाला चार शब्द. माझ्याकडे विचार आहेत, पुस्तकांची दोन कपाटं आहेत, नातवंडं आहेत, कूलर आहे. आई इथेच राहणार. महिनाभरात तिचं मन जिंकतो.

संकल्प: मुलांना सुट्टीत मोबाइल बंद. घरात फक्त मराठी. रोज संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी एकत्र बसायचं, मी एका विषयावर बोलणार. नाव ठेवलंय, विचारवेळ.

३ मे.

मोबाइलबंदी जाहीर केली. हर्षदा (इयत्ता तिसरी) म्हणाली, पप्पा, तमे पण मूकी दो. म्हणजे तुम्हीही ठेवून द्या. गुजरातीत! दुसरा संकल्प जागच्या जागी मोडला. मी शांतपणे समजावलं की मला माझी जुनी भाषणं ऐकून सुधारणा करायच्या असतात, तो अभ्यास आहे. चेतन पाच वर्षांचा आहे, त्याने रडून कूलरची जाळी उपटली.

विचारवेळेचा विषय, भाषा आणि स्वाभिमान. बायको, जयश्री, कुकरची शिट्टी मोजायला आत गेली ती आलीच नाही. आई मात्र शेवटपर्यंत बसली. डोळे मिटून. एकाग्रता म्हणतात ती ही.

नंतर आई म्हणाली, ज्वारी भिजत घालते, बिबडे करू. छान. ज्वारीचे पापड ही आपली खानदेशी परंपरा, जपली पाहिजे. कापडाचंही काहीतरी म्हणत होती, जुनं, सुती, असं काहीसं. मुद्दा गौण. म्हटलं, आई, मी फोल्डिंग खात्याचा सुपरवायझर. सुरतेत बसून कापडाची चिंता तू करायची?

६ मे.

कापड आणलं. जुनेर, चिंध्या असलं काही नाही. मिलमधून कोऱ्या साडीचा पीस, शुद्ध पॉलिस्टर, चकचकीत. जांभळ्या जमिनीवर हिरवे मोर. आई धरणगावात आयुष्यभर विटक्या धोतरांवर बिबडे थापत आली. म्हटलं, या वर्षी जरा थाट होऊ दे.

आईने कापड दोन बोटांत चोळलं. जयश्रीकडे पाहिलं. जयश्रीने माझ्याकडे पाहिलं. भारावल्या असाव्यात.

७ मे.

पहाटे गच्चीवर चूल. शेजारच्या मंदाबाई हात लावायला आल्या. ज्वारीचा घाटा शिजला तशी पोरं वाट्या घेऊन हजर. गरम घाट्यावर कच्चं तेल, दुसरं काही नको. चेतनने जीभ भाजून घेतली आणि तरी दुसरी वाटी मागितली.

बायका ओल्या हाताने थापत होत्या. मी पाण्याच्या टाकीला टेकून स्त्रीश्रमावर थोडं बोललो. मंदाबाई म्हणाल्या, भाऊ, जरा सरका, सावली पडते.

संध्याकाळ. लिहायला नको वाटतंय. पण सत्य लिहिलंच पाहिजे. सुती कापड पाणी धरून ठेवतं, मागून शिंपडलं की बिबडा आपसूक सुटतो. पॉलिस्टर पाणी धरत नाही. निम्मे बिबडे चिकटून फाटले. जे सुटले त्यांच्यावर मोर उमटले होते. हिरवे. पिसाऱ्यासकट.

चेतन नाचायला लागला, मला मोरवाला तळून द्या. जयश्री म्हणाली, तळा की, भाषण करणारा मोर आहे, तेलातही बोलेल. आईने सगळे गोळा करून टाकून दिले. रंग पोटात जायला नको म्हणून.

चूक रंगाची आहे. डाइंग खात्याने कच्च्या रंगाचा माल काढलाय. उद्या मिलमध्ये विषय लावून धरतो.

९ मे.

कुंदन आला. मोटरसायकलवर, पिशवीत बाबांचं जुनं धोतर आणि दोन सुती चादरी. त्याला कोणी सांगितलं? आईने म्हणे फोन केला होता. माझ्या घरातून, माझ्यासमोर, आणि मला कळलं नाही.

आईने धोतर मांडीवर घेतलं, कितीतरी वेळ हात फिरवत होती. कुंदन समोर फरशीवर बसून शेंगा सोलत होता. आई बोलत होती, तो मान हलवत होता. तिच्या गुडघ्याचं, गावच्या विहिरीचं, बाबांचं. तो बदल्यात काय देतोय? नुसती मान! माणसाने प्रतिसाद द्यावा, चार उदाहरणं द्यावीत.

आईला विचारलं, गुडघा दुखतो हे मला का सांगितलं नाहीस? म्हणाली, तुले दोनदा सांगेल शे, भो.

मला आठवत नाही. उन्हाने तिच्याच स्मरणावर परिणाम होत असावा.

१४ मे.

नवा घाटा, सुती कापडं. बिबडे एकदम साफ उतरताहेत. शेवटी माझ्याच घरच्या गच्चीवर उतरले, हे कुंदनने विसरू नये.

विचारवेळेला मुलं सापडत नाहीत. पाच वाजले की दोघं वर, कावळे हाकलायला. आज दबक्या पावलांनी जिना चढलो. हर्षदा उलट्या बादलीवर उभी होती. एक हात कमरेवर, एक आभाळात. म्हणत होती, उधन्यातल्या तमाम कावळ्यांनो! हे आपण कुठवर सहन करायचं! कावळे उडाले. चेतनने टाळ्या वाजवल्या. आई पदर तोंडाला लावून इतकी हसत होती की डोळ्यांतून पाणी.

मला पाहताच हसणं थांबलं. आदर आहे.

आणि बोलणं मराठीत होतं, हेही नोंदवतो. मधे मधे अहिराणी. पोरगी आजीला म्हणाली, आजी, तू माले शिकाडी दे ना. म्हणजे माझा दुसरा संकल्प यशस्वी. विचारवेळेचा परिणाम दिसायला लागला.

१८ मे. रविवार.

कुंदन आणि त्याची बायको वैशाली आले. आमरसाचा बेत. आंबे मी आणले, आणताना आंब्याच्या जातींवर विचार करत होतो, त्यामुळे निम्मे कच्चे निघाले. रस आंबट. कूलरचं पाणी संपलं. जयश्रीने मला दोनदा सांगितलं म्हणे. मी तेव्हा वैशालीला पाणीप्रश्नाबद्दल सांगत होतो.

बादलीने पाणी कुंदनने भरलं. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एका बादलीसाठी!

निघताना तो म्हणाला, भाऊ, आईला काय हवंय ते एकदा विचारा. सहा-सात शब्द झाले. त्याच्या मानाने भाषणच. मी म्हटलं, अरे, आईला काय हवं ते मुलाला विचारावं लागत असेल तर तो मुलगा कसला? त्याने मोटरसायकलला किक मारली. पटलं असावं.

२३ मे.

रविवारी समाजाचा मेळावा. मुख्य वक्ता मी. विषय, घरातली वडीलधारी माणसं. योगायोग नाही, हा विषय मीच सुचवला. आई पहिल्या रांगेत बसणार. तिथे, सर्वांसमोर, ती कायमची माझ्याकडे राहणार हे जाहीर करायचं. आईचा ऊर भरून येईल. कुंदनचाही प्रश्न मिटेल.

आई आज दुपारी माझ्या खोलीच्या दारात येऊन बसली. म्हणाली, बोलायचं शे. म्हटलं, आई, आता नको, तुझ्यावरच लिहितोय. संध्याकाळी पुन्हा आली. म्हटलं, रविवारनंतर निवांत. मग ती उठून चेतनला आंघोळ घालायला गेली. किती समजूतदार बाई आहे! हे वाक्य भाषणात घालतो.

२५ मे. संध्याकाळ.

भाषण जबरदस्त झालं. पंखे बंद पडले तरी माणसं हलली नाहीत. (दाराशी गर्दी होती हेही खरं.) मी म्हटलं, ज्या घरात आईचा शब्द पडत नाही ते घर नव्हे, भाड्याची खोली! टाळ्या. मग मी पहिल्या रांगेकडे हात केला आणि घोषणा केली.

खुर्ची रिकामी होती.

चेतनला शू लागली म्हणून आई बाहेर गेली होती. असं जयश्री म्हणाली. पण घोषणेनंतरही आली नाही. मी बाहेर आलो तेव्हा मंडपामागे, कुंदनच्या मोटरसायकलजवळ, आई आणि चेतन बर्फाचा गोळा खात होती. आईची जीभ लाल. म्हणाली, आइकू येत व्हतं रे. माइक मोठा शे.

घोषणेबद्दल विचारलं तर गोळा माझ्यापुढे धरला. आनंदाने शब्द सुचले नसावेत.

२६ मे.

आई गेली. कोसाडला.

कुंदन रिक्षा घेऊन आला होता. पिशवी आधीच भरलेली. मी उंबऱ्यात उभं राहून बोलायला सुरुवात केली. कर्तव्य, नातवंडं, लोक काय म्हणतील, सगळे मुद्दे क्रमाने. आईने माझ्या गालावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. म्हणाली, तू बोलस तंव माले वाटस मी सभामा बठेल शे. घरमा नही.

मुलंही गेली. शाळा उघडेपर्यंत. मी म्हटलं, चेतन, कूलर? तो म्हणाला, आजी हाताने वारा घालते.

जयश्री दार लावून घेत म्हणाली, अहो, आता बोला. जागा भरपूर आहे.

२८ मे. दुपार.

मुद्दे काढून कोसाडला फोन लावला. आई म्हणाली, बोल. मी बोललो. प्रांजळपणे. कापडाची चूक मान्य केली, डाइंग खात्याचा उल्लेखही टाळला. गुडघ्याच्या डॉक्टरांचं सांगितलं. ये म्हणालो. तीन वेगवेगळ्या प्रकारे ये म्हणालो. शेवटी कागदावरचे मुद्दे संपले, तरी आणखी एकदा ये म्हणालो.

पलीकडून वैशाली म्हणाली, भाऊ, आई केव्हाच गच्चीवर गेल्या. हर्षदाने हाक मारली म्हणून. फोन चुलीजवळ ठेवलाय.

मग म्हणाली, तुमच्यासाठी निरोप आहे. परवा जयश्रीताईंनाही सांगून आल्या होत्या. तुमच्या गच्चीवर शेवटचं कापड राहिलंय, निघायच्या दिवशी पहाटे थापलेलं. बाबांचं धोतर. त्यावरचे बिबडे मुद्दाम जाड थापलेत, तुम्हाला तसे आवडतात म्हणून. तुम्हीच उतरवा म्हणाल्या. वारा सुटायच्या आत.

जयश्री दोन दिवस कापडाचं काहीतरी म्हणत होती खरी. मला वाटलं, गौण.

संध्याकाळ.

वारा सुटलाय. खिडकी आपटते आहे. वर गच्चीवर कापड फडफडल्याचा आवाज इथपर्यंत येतो. जयश्री स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघते आहे. पाण्याचा लोटा तिने ओट्यावर काढून ठेवलाय.

उधन्यातल्या तमाम कर्त्या पुरुषांनो! मुद्दे पुरे. पेन खाली ठेवा. लोटाभर पाणी घ्या, जिना चढा, आणि बापाचं धोतर वाऱ्याने उडायच्या आत उतरवून आणा.