पंख्याचे अडीच मिलिमीटर

आबा,

तुमच्या विमानाच्या नाकावरचा पंखा अडीच मिलिमीटरनं मोठाच आहे. काल धुळ्यात सरांनी माझ्यासमोर तो मोजला. एकदा व्हर्नियरनं, एकदा नकाशा शेजारी पसरून, मग चष्मा पुसून पुन्हा एकदा. सर म्हणजे तेच, आयटीआयमधले तुमचे मित्र, ज्यांच्याशी तुम्ही शेवटची नऊ वर्षं बोलला नाहीत. घराला रंग काढला तेव्हा माळ्यावरचं खोकं उतरवलं, त्यात विमानाचं एक चाक निखळलेलं दिसलं, आणि ते बसवून देईल असं दुसरं कुणी मला आठवेना. खोक्यात तुमची पोलादी पट्टीही होती. सरांनी ती आपल्या पट्टीला लावून पाहिली. शून्याला शून्य जुळलं, तिसाला तीस जुळेना. "ताई, ही श्रिंकेजची पट्टी आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे आबाही खरंच बोलत होते." चहा आला, तो आम्ही प्यायलो. निघताना त्यांनी विचारलं, "पण ही पट्टी विमानाच्या कामात आली कुठून? आबांची ही तर कारखान्याच्या पिशवीत असायची." मी म्हटलं, बस चुकेल.

तुम्ही आयुष्यभर पंपांच्या भागांचे लाकडी साचे केलेत. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा शंभराला एक या हिशेबानं मोठा करायचा, आणि दर वेळी आकडेमोड नको म्हणून पट्टीच तेवढी लांब बनवलेली असते. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की निवृत्त झाल्यावर तुम्ही मागच्या खोलीत एका जुन्या लढाऊ विमानाची प्रतिकृती करायला घेतली आहे, दहास एक मापाची, आणि त्या खोलीतल्या कशालाही हात लावायचा नाही. तुमचे साचे वाळूत दाबले जायचे आणि ओतलेला भाग गिऱ्हाइकाकडे निघून जायचा, साचा कुणी बघायचं नाही. हे विमान लोकांनी बघावं असं तुम्हाला वाटत होतं. आई दारात उभी आहे, हाताला पीठ, आणि म्हणते आहे, "उडनार नही, बसाले जागा नही, मंग इतलं काय मोजतस?" तुम्ही मान वर करत नाही. "पंखा बाकी शे," एवढंच म्हणता. पंख्याचं पातं बुडाशी उभं असतं आणि टोकाकडे आडवं होत जातं. तो पीळ जमावा म्हणून तुम्ही पुठ्ठ्याचे सात फर्मे कापले होते आणि कानशीचे दोन हात मारले की एक फर्मा लावून बघत होता. दिवाळीपासून होळीपर्यंत ते चाललं.

त्या दिवाळीतच मी मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेली तुमची पट्टी नेली. मी जळगावला पत्रकारितेचा कोर्स करत होते, पानांचे आराखडे हातानं आखावे लागत आणि माझी प्लास्टिकची पट्टी मोडली होती. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नवी आणून दिली असती, पण दुपारची बस होती. खिळा रिकामा दिसू नये म्हणून तुमच्या कारखान्याच्या पिशवीतली तशीच दुसरी पट्टी तिथे टांगली. तिच्यावरचा श्रिंकेजचा शिक्का घासून पुसट झाला होता. तुमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. धड आणि पंख खऱ्या पट्टीनं झाले होते, फक्त पंखा राहिला होता.

हौशी मॉडेलवाल्यांच्या प्रदर्शनात परीक्षक सरच होते. "विमान बघत राहावं असं झालंय. पंखा मोठा आहे," ते म्हणाले.

"किती?"

"दोन, अडीच."

"मिलिमीटर? माझा?" तुम्ही हसलात. "सर, पोरांच्या हातात देऊन देऊन तुमचा व्हर्नियर सैल झाला."

आजूबाजूचे हसले. सरही हसले असते, पण ते म्हणाले, "व्हर्नियर सैल होत नाही हो, माणूस होतो."

घरी येऊन तुम्ही टोपीसुद्धा न काढता पंखा मोजला. बरोबर चोवीस सेंटिमीटर. मला बोलावून दाखवलंत. "बेटा, बठ्ठं बरोबर शे. पट्टी खोटं बोलत नही." मी म्हटलं, "पट्टी घेऊन सरांकडे जा ना." तुम्ही म्हणालात, ज्याला माझ्या मापाचा भरवसा नाही त्याच्याकडे पट्टी घेऊन मी जाणार नाही. पुढच्या रविवारी सर स्वतः आले. मी दारात सांगितलं, आबा घरी नाहीत. आतून कानशीचा आवाज येत होता. सरांनी तो ऐकला आणि चपला न काढताच परत गेले.

पाच वर्षांनी जळगावात औद्योगिक वसाहतीतल्या एका ओतशाळेवर मला लेख करायचा होता. तिथल्या कारागिरानं दोन पट्ट्या शेजारी धरल्या. "ही खोटं बोलते मॅडम, पण कामासाठी." मी वहीत लिहून घेतलं. ऑफिसात परत आले, ड्रॉवर उघडला, तुमची पट्टी तिथे होती. सातपर्यंत मजकूर द्यायचा होता, तो दिला. दोन आठवड्यांनी धुळ्याला आले तेव्हा तुम्ही ते कात्रण जपून ठेवलं होतं. आपण जेवत होतो, कळण्याची भाकरी होती. "चांगलं लिखेल शे," तुम्ही म्हणालात. "पण साच्याची पट्टी येगळी राहस, ते सुटी गयं." मी म्हटलं, "जागा नव्हती, आबा." तुम्ही मान हलवलीत. वर्तमानपत्रात जागा कमी असते हे तुम्हाला पटण्यासारखं होतं. त्यानंतर तुम्ही चार वर्षं होता. तुम्ही गेलात त्या दिवशी सर फाटकाशी उभे होते, आत आले नाहीत.

उद्या सकाळच्या बसनं मी धुळ्याला जाते आहे. सर नवा पंखा कोरायला घेणार आहेत, नकाशाबरहुकूम, आणि जुना मला परत देणार आहेत. त्यासाठी त्यांनी खरी पट्टी मागितलेली नाही, त्यांच्याकडे आहे. तरी मी ड्रॉवरमधली तुमची घेतली आहे. मघाशी ती पर्समध्ये ठेवून पाहिली, बसत नाही, टोक बाहेर राहतं. तुम्ही भोकाजवळ कोरलेली खूण त्या टोकावरच आहे, सर ती दारातच ओळखतील. मग कालचा प्रश्न पुन्हा विचारतील आणि मी सांगेन, असं धरून चालले आहे. हे पत्र खोक्यात ठेवायचं की फाडायचं ते आल्यावर बघेन.

त्या लेखात जागा होती, आबा. चार ओळी सहज बसल्या असत्या.